ब्रेकचे काम घरच्या घरी : कुठवर जावे, कुठे थांबावे

मोटार विकत घेताना ती एका लिटरमध्ये किती किलोमीटर धावते, हा प्रश्न हमखास विचारला जातो. ती थांबते कशी, हा प्रश्न मात्र सिग्नलपाशी ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येईपर्यंत सहसा कुणाला पडत नाही. मग गॅरेज गाठले जाते आणि 'पॅड संपलेत, डिस्कही गेली' किंवा 'डिस्क अजून चालेल' असा निवाडा मिळतो. तो बरोबर की चूक, हे पारखण्याचे कोणतेही साधन वाहनधारकापाशी नसते. दुसऱ्या बाजूला, चित्रफिती पाहून हेच काम घरी करू पाहणाऱ्यांची संख्याही वाढते आहे. पुढच्या चाकांचे पॅड आणि डिस्क बदलणे हे काटेकोर माणसाच्या आवाक्यातले काम आहे. त्यातील धोका बोल्ट उघडण्यात नाही. क्षुल्लक वाटणाऱ्या चार-दोन पायऱ्या गाळण्यात आहे. त्या पायऱ्या कोणत्या आणि त्यांचे कारण काय, हे पाना हाती न घेणाऱ्यानेही समजून घ्यावे असे आहे.

थांबणे म्हणजे उष्णता

धावत्या मोटारीपाशी गतिज ऊर्जा असते. ब्रेक ती नष्ट करत नाही, तिचे उष्णतेत रूपांतर करतो. माणसांसह १००० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबली, तर सुमारे १३९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. वेग ताशी १०० किलोमीटर असेल, तर हाच आकडा ३८६ किलोज्यूलपर्यंत जातो. एवढ्या उष्णतेत २५ अंश तापमानाचे सुमारे सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे सूत्र शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. ब्रेकच्या डिस्कला ते दररोज सोसावे लागते.

घाटात हा भार कितीतरी वाढतो. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना मोटार सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. या उतारात १००० किलोच्या मोटारीची जी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी १०० किलोमीटर वेगावरून चौदा वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास इंजिन त्यातील मोठा वाटा उचलते. मोटार न्यूट्रलमध्ये सोडून पायाने ब्रेक दाबत राहिल्यास जवळजवळ सारा भार पॅड आणि डिस्कवर पडतो. घाटाच्या पायथ्याशी येणारा जळका वास त्याचाच असतो.

ब्रेक लावताच मोटारीचे वजन पुढे झुकते. त्यामुळे थांबवण्याच्या कामाचा बराच मोठा वाटा पुढच्या दोन चाकांकडे येतो. अनेक छोट्या मोटारींत पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी योजना असते ती यामुळेच. डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. तथापि तिचे सामर्थ्य जगाला दिसले ते १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक बसवलेल्या जग्वार मोटारीने फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली तेव्हा. उघड्यावर फिरणारी चकती वाऱ्याने लवकर थंड होते, हे तिच्या यशाचे मुख्य कारण होय.

पॅड, डिस्क आणि पिस्टन

चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती म्हणजे डिस्क. तिलाच रोटर असेही म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा सांगाडा म्हणजे कॅलिपर. त्या चिमटीच्या दोन ओठांवर घर्षणद्रव्याचे दोन पॅड असतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनला पुढे ढकलतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच्या प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कला येऊन भिडतो. या दोन पिना मोकळ्या सरकणे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

पॅड जसजसे झिजतात, तसतसा पिस्टन थोडा थोडा पुढे येत राहतो. त्याच्यामागे रिकामी झालेली जागा ब्रेक ऑइल भरून काढते, म्हणून बॉनेटखालील डबीतील ऑइलची पातळी हळूहळू उतरते. पातळी उतरली की वरून ऑइल ओतण्याची सवय अनेकांना असते. वास्तविक ते गळतीचे किंवा पॅड झिजल्याचे चिन्ह असते आणि दोन्ही बाबतींत आधी चाकापाशी पाहणे आवश्यक असते.

झीज ओळखावी कशी

नव्या पॅडवर साधारणपणे १० मिलिमीटरच्या आसपास घर्षणद्रव्य असते. ते ३ मिलिमीटरवर आले की पॅड बदलण्याची वेळ झाली, असे समजावे. ही जाडी मोजताना मागची लोखंडी पट्टी धरायची नाही. अनेक पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किरकिरते. हा आवाज म्हणजे बिघाड नव्हे, सूचना होय. ती दुर्लक्षित राहिली की पॅडची लोखंडी पट्टीच डिस्कवर घासू लागते आणि डिस्कही निकामी होते.

चाकाच्या जाळीतून डोकावल्यावर बाहेरचा पॅड दिसतो, आतला सहज दिसत नाही. पिना गंजून अडकल्या असतील, तर आतला पॅड कितीतरी अधिक झिजतो. त्यामुळे बाहेरचा पॅड जाड दिसला म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

डिस्कच्या बाबतीत नजरेपेक्षा आकडा महत्त्वाचा. तिच्या कडेवर किंवा मध्यभागी किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. तो नसल्यास मोटारीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. नवी डिस्क आणि हा किमान आकडा यांत पुष्कळदा केवळ दोन मिलिमीटरच्या आसपास फरक असतो. ही जाडी मायक्रोमीटरने, तीही वेगवेगळ्या ठिकाणी मोजावी. साधे व्हर्निअर लावल्यास ते बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर टेकते आणि जाडी आहे त्याहून जास्त दाखवते. डिस्क पातळ झाली की उष्णता सामावून घेण्याची तिची क्षमता घटते, ती लवकर तापते आणि तडकण्याचा संभव वाढतो. लेथवर घासून तिचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण जाडी आणखी कमी होते. घासल्यानंतरची जाडी किमान मर्यादेच्या वर राहणार नसेल, तर ती डिस्क भंगारातच गेली पाहिजे.

पावसाळ्यात एका रात्रीत डिस्कवर चढणारा तांबूस गंज मात्र निरुपद्रवी असतो. चार-पाच वेळा ब्रेक लावताच तो निघून जातो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत अनेक आठवडे उभ्या राहिलेल्या मोटारीची गोष्ट वेगळी. तेथे गंज खोलवर जाऊन डिस्कला खड्डे पडलेले असू शकतात.

आधी तयारी

पॅड आणि डिस्क नेहमी दोन्ही बाजूंच्या जोडीने बदलावेत. एकाच चाकाचे बदलल्यास ब्रेक लावताना मोटार एका बाजूला ओढली जाण्याची भीती असते. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्यात नाना पेठ अशा बाजारांत सहज मिळतात. तेथे स्वस्तातला बनावट मालही मिळू शकतो. त्यामुळे पक्के बिल घ्यावे, भागाचा क्रमांक आपल्या मॉडेलच्या वर्षाशी ताडून पाहावा आणि जुना भाग शेजारी ठेवून व्यास व उंची जुळते का, हे तपासावे.

साहित्यात जॅकखेरीज दोन भक्कम जॅक स्टँड, टॉर्क पाना, सॉकेटचा संच, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचे खास उष्णतारोधक ग्रीस, मोठा सी-क्लॅम्प, मास्क आणि हातमोजे हवेत. डिकीत मिळणारा जॅक हा केवळ स्टेपनी बदलण्यापुरता असतो. जॅक मोटार उचलतो. तिला धरून ठेवण्याचे काम स्टँडचे. हा फरक न पाळणे हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे.

जागा सपाट आणि टणक हवी. सोसायटीच्या आवारातील पेव्हर ब्लॉक हलतात आणि उन्हात तापलेल्या डांबरात जॅकचा तळ रुततो. काँक्रीटची जमीन उत्तम. ती नसेल तर जॅक आणि स्टँडखाली जाड प्लायवूडचा चौकोन ठेवावा. मोटार पहिल्या गिअरमध्ये, स्वयंचलित असल्यास 'पार्क'मध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट मोटार जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावून मोटार उचलावी, स्टँडवर टेकवावी आणि हाताने हलवून पाहावी. काढलेले चाक दरवाजाखालील पट्टीच्या खाली आडवे सरकवून ठेवल्यास आणखी एक आधार मिळतो. एका वेळी एकाच बाजूचे काम उघडावे. काय कुठे बसते, याची शंका आल्यास दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते.

प्रत्यक्ष काम

स्टेअरिंग वळवून चाकाची जागा मोकळी केली की कॅलिपरच्या मागचे दोन बोल्ट दिसतात. ते काढून कॅलिपर उचलावा आणि तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा. त्याला ब्रेकच्या रबरी नळीवर कधीही लोंबकळू देऊ नये. नळी बाहेरून धड दिसली तरी तिच्या आतल्या थराला इजा झालेली असू शकते आणि ती पुढे नेमकी जोरात ब्रेक लावताना उघडकीस येते. कॅलिपर सुटा असताना कुणीही पेडल दाबणार नाही, याचीही काळजी घ्यावी. अन्यथा पिस्टन बाहेर पडतो.

जुने पॅड काढल्यावर आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून पाहावा. दोहोंच्या जाडीत मोठा फरक असेल, तर पिना किंवा पिस्टन अडकत आहे. ते कारण दूर न करता नवे पॅड घातल्यास त्यांचीही तीच गत होईल. येथे साठलेली काळी भुकटी फुंकरीने वा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या किंवा अनोळखी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो कर्करोगाला कारणीभूत ठरतो, हे सिद्ध झालेले आहे. मास्क लावून ब्रेक क्लीनरने भुकटी ओली करावी आणि कापडाने पुसून घ्यावी.

यानंतर पॅड धरणारे ब्रॅकेट दोन मोठे बोल्ट काढून वेगळे करावे. डिस्क पुष्कळदा एक-दोन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते आणि गंजाने हबला चिकटलेली असते. अनेक डिस्कवर आट्यांची दोन भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने पिळत गेल्यास डिस्क आपोआप सुटते. हातोडा जपून वापरावा, कारण मागे बेअरिंग असते.

डिस्क निघाल्यानंतर उघडा पडलेला हब हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित भाग. त्यावरचा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईस्तोवर काढणे आवश्यक आहे. गंजाची एखादी खपली राहिली तरी नवी डिस्क किंचित तिरकी बसते. मग ती प्रत्येक फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते, तेथे असमान झिजते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरू लागते. 'डिस्क वाकडी झाली' म्हणून जी तक्रार केली जाते, तिचे मूळ अनेकदा येथे असते.

नव्या डिस्कवर गंज टाळण्यासाठी तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून टाकावा. ब्रॅकेट बसवून त्याचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळावेत. पिना बाहेर काढून, पुसून, नवे ग्रीस लावून पुन्हा बसवाव्यात आणि त्या बोटांनी सहज सरकतात का, ते पाहावे. फाटलेली रबरी टोपणे बदलावीत. ग्रीसचा अंशही पॅडच्या किंवा डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर लागता कामा नये.

नवे पॅड जाड असल्याने पुढे आलेला पिस्टन आता मागे ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने तो सावकाश दाबावा. या वेळी ऑइल मागे फिरून बॉनेटखालच्या डबीत चढते. मधल्या काळात वरून ऑइल ओतलेले असेल, तर ते बाहेर सांडते आणि मोटारीचा रंग खाते. म्हणून डबीवर लक्ष ठेवावे आणि गरज पडल्यास थोडे ऑइल स्वच्छ सिरिंजने काढून घ्यावे. मग क्लिपा, पॅड आणि कॅलिपर जागेवर बसवून बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावेत. चाक लावून मोटार खाली घेतल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. अनेक छोट्या मोटारींत हा टॉर्क साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. पान्यावर उभे राहून नट आवळल्यानेही डिस्कवर असमान ताण येतो.

पेडलची परीक्षा

काम संपल्याच्या समाधानात नेमकी याच वेळी घोडचूक घडते. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये फट असते. पहिल्यांदा पेडल दाबले की ते थेट तळाला जाते आणि ब्रेक लागत नाही. अशा स्थितीत मोटार सुरू करून पार्किंगमधून बाहेर काढल्यास समोर भिंत असो की माणूस, ती थांबणार नाही. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल सावकाश, ते घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबावे. मग इंजिन सुरू करून पुन्हा दाबावे, ऑइलची पातळी तपासावी आणि आवारातच चालण्याच्या वेगात मोटार थांबवून पाहावी. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर मोटार रस्त्यावर आणू नये.

यानंतर पॅड आणि डिस्क एकमेकांना 'बसवावे' लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगावरून १५ ते २० पर्यंत मध्यम जोराने, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवावा आणि प्रत्येक वेळी मध्ये डिस्कला थंड होण्यास अवधी द्यावा. त्यामुळे पॅडच्या द्रव्याचा समान थर डिस्कवर बसतो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर अकारण करकचून ब्रेक लावणे टाळावे आणि लगेच घाटाचा प्रवास आखू नये.

येथे थांबावे

काही खुणा दिसताच घरचे काम तेथेच थांबवणे शहाणपणाचे ठरते. पिस्टनभोवती ओल, फुगलेली किंवा तडे गेलेली रबरी नळी, मागे न जाणारा पिस्टन, आटे गेलेला बोल्ट किंवा मऊ पेडल यांपैकी काहीही आढळल्यास मोटार न चालवता कुशल मेकॅनिकला बोलवावे. काही जुन्या मोटारींत डिस्क हबच्या मागून बसवलेली असते आणि ती काढण्यासाठी बेअरिंगलाही हात घालावा लागतो. तेही घरचे काम नव्हे. मागच्या चाकांना विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक असेल, तर पुढच्या चाकांचा अनुभव तेथे वापरू नये. वॉरंटीच्या मुदतीतील मोटारीबाबत तिच्या अटी आधी वाचाव्यात.

ब्रेक ऑइलचाही विचार याच निमित्ताने व्हावा. नेहमीच्या वापरातील डॉट ३ आणि डॉट ४ ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यानंतरच्या अवस्थेसाठी मानकाने धरलेली किमान मर्यादा केवळ १५५ अंश आहे. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये असे जुने ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोहोचवत नाही. मग पॅड आणि डिस्क कोऱ्या करकरीत असूनही पेडल पोकळ लागते. पावसाळी, दमट हवेच्या प्रदेशात ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या मुदतीत बदलणे त्यामुळेच महत्त्वाचे ठरते.

गॅरेजमध्ये विचारण्याचे प्रश्न

हे काम स्वतः न करणाऱ्यांची संख्या साहजिकच मोठी राहील. त्यांच्यासाठीही या माहितीचा उपयोग आहे. डिस्क बदलायला सांगितली असेल किंवा 'चालेल' म्हटले असेल, तर दोन्ही वेळा मोजलेली जाडी आणि किमान जाडी असे दोन आकडे मागावेत. आतला आणि बाहेरचा जुना पॅड पाहायला मागावा. हब घासला का, पिनांना ग्रीस लावले का आणि चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळले का, हे विचारावे. मोटार ताब्यात घेतल्यावर गिअर टाकण्यापूर्वी पेडल दाबून पाहावे. चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याची उत्तरे तयार असतात. ज्याला आकडा सांगता येत नाही, त्याने डिस्क मोजलेलीच नाही, एवढे तरी त्यातून निश्चित कळते.